पुढच्या गाडीचे मन मागच्या गाडीला कळले तर? वाहनांमधील सहकार्य आणि वाहतूक नियमनाचे संशोधन

अनुगामी (धागाकर्ता)

नमस्कार. वाहतूक प्रवाहाच्या सिम्युलेशनवर (संगणकावरील प्रतिरूपावर) मी गेली काही वर्षे काम करत आहे. या कामात एक प्रश्न सतत समोर येतो आणि तो येथील जाणकारांपुढे मांडावा असे बरेच दिवस मनात होते. वाहनांनी एकमेकांशी आणि सिग्नलशी बोलावे, त्या संवादातून वाहतूक सुरळीत व्हावी, या कल्पनेवर १९८० च्या दशकापासून गांभीर्याने संशोधन चालू आहे. मात्र त्यातील बराच भाग "सर्व गाड्या जोडलेल्या आहेत" असे गृहीत धरतो. रस्त्यावर तशी स्थिती पुढील अनेक वर्षे येणार नाही. मग थोड्याच गाड्या सहकार्य करत असताना त्याचा उपयोग इतरांना किती होतो, आणि तो कोणत्या प्रकारच्या सहकार्यातून लवकर मिळतो?

प्रश्नाची पार्श्वभूमी समजण्यासाठी जपानमधील एका प्रयोगाचे वर्णन आधी करतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या समान अंतरावर उभ्या केल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किमी वेगाने, पुढच्या गाडीशी सुरक्षित अंतर राखून चालत राहण्यास सांगितले. एका गाडीच्या वाट्याला जेमतेम साडेदहा मीटर रस्ता येत होता आणि त्यातील चार-साडेचार मीटर खुद्द गाडीच व्यापत होती. मार्गावर सिग्नल नव्हता, फाटा नव्हता, बंद पडलेली गाडी नव्हती. तरीही थोड्याच वेळात कोणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने त्याहून थोडा जास्त ब्रेक लावला, आणि काही गाड्या चक्क थांबू लागल्या. थांबलेल्या गाड्यांचा तो पुंजका ताशी सुमारे २० किमी वेगाने वाहतुकीच्या उलट दिशेने सरकत राहिला. प्रत्येक चालक पुंजक्यात शिरत होता, थांबत होता, बाहेर पडत होता. पुंजका मात्र कायम होता.

कोंडी होण्यासाठी अडथळा लागतोच असे नाही, हे या प्रयोगाने डोळ्यांना दाखवले. समजा, प्रत्येक चालक पुढच्या गाडीच्या वेगातील घट फक्त दहा टक्क्यांनी वाढवून मागे पोहोचवतो. पहिल्या गाडीने वेग ताशी २ किमीने कमी केला, तर तिच्यामागच्या विसाव्या गाडीपर्यंत ती घट सुमारे साडेतेरा किमी होते आणि तिसाव्या गाडीपर्यंत जवळपास ३५ किमी. म्हणजे ३५ च्या वेगाने चाललेल्या रांगेत तिच्यामागची तिसावी गाडी जवळपास उभी राहते, आणि तिच्या चालकाला कारण कधीच कळत नाही, कारण ते तीस गाड्या पुढे घडून केव्हाच संपलेले असते.

सहकारी वाहतुकीचे सर्व संशोधन मला या गुणाकाराला आवर घालण्याचा प्रयत्न वाटते. आपले अनुभव आणि मतभेद जरूर मांडावेत.

---

लंबक

धागा आवडला. गुणाकाराच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो, कारण "यंत्र माणसापेक्षा बरे चालवेल" हा समज येथे अनेकदा ऐकू येतो.

माझ्या गाडीत पुढच्या वाहनाशी अंतर आपोआप राखणारी अडॅप्टिव्ह क्रूझ यंत्रणा आहे. मोकळ्या रस्त्यावर ती उत्तम चालते. दाट वाहतुकीत मात्र पुढची गाडी हळू झाल्यावर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग माझी गाडी पुढचीपेक्षा जोरात ब्रेक लावते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. आरशात मागच्या गाडीचे नाक खाली झुकलेले दिसते, तेव्हा तिच्याही मागे काय होत असेल याची कल्पना येते. हा केवळ माझ्या गाडीचा दोष नाही. बाजारात मिळणाऱ्या सात गाड्यांच्या अशा यंत्रणांची चाचणी घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातही गाड्या अस्थिर साखळी निर्माण करणाऱ्या आढळल्या होत्या. म्हणजे पुढून आलेला धक्का त्या शमवत नव्हत्या, वाढवून मागे पाठवत होत्या.

कारण यंत्रणेच्या रचनेतच आहे. रडारला पुढच्या गाडीचे अंतर आणि सापेक्ष वेग कळतो, परंतु तिच्या चालकाने ब्रेकवर पाय ठेवला आहे हे कळत नाही. ब्रेक लागणे, वेग कमी होणे, तो रडारला दिसणे, मोजमापातील चढउतार गाळून निष्कर्ष काढणे आणि आपला ब्रेक प्रत्यक्ष लागणे या प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा वेळ जातो. अंतर कमी ठेवायचे आणि धक्काही वाढू द्यायचा नाही, ही दोन्ही उद्दिष्टे एवढ्या विलंबासह एकत्र साधत नाहीत.

येथे संवादाचे महत्त्व कळते. पुढच्या गाडीने "मी आता इतका वेग कमी करत आहे" हे रेडिओ संदेशाने सांगितले, तर मागच्या गाडीला परिणाम दिसेपर्यंत थांबावे लागत नाही. कॅलिफोर्नियातील पाथ या संशोधन कार्यक्रमाने २०१४ मध्ये चार गाड्यांवर ही तुलना प्रसिद्ध केली. फक्त रडारवर चालणाऱ्या रांगेत धक्का वाढत गेला, तर संदेशांची जोड दिल्यावर अंतर कमी ठेवूनही तो शमत गेला. याच कार्यक्रमाच्या पुढाकाराने ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर आठ गाड्यांचा ताफा अवघ्या साडेसहा मीटर अंतराने चालवून दाखवला गेला होता. तेव्हा मार्गिका ओळखण्यासाठी रस्त्यात चुंबक पुरावे लागले होते. पाव शतकापूर्वी हे शक्य झाले होते, म्हणून मला एक प्रश्न पडतो: मग ते रस्त्यावर का आले नाही?

---

स्वाती_नक्षत्र

अनुगामी, लंबक, दोघांचेही आभार. मी या क्षेत्रातील नाही, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहे. शंभर गाड्यांमागे दहा गाड्यांत ही संदेश यंत्रणा असेल, तर दहा टक्के फायदा मिळेल असे धरावे का?

---

अनुगामी (धागाकर्ता)

स्वाती, आपला प्रश्न प्राथमिक नाही. माझ्या मते या विषयाचे मर्म त्यातच आहे. उत्तर दुर्दैवाने "नाही" असे आहे.

लंबक यांनी वर्णन केलेल्या सहकार्यासाठी पुढची आणि मागची अशा दोन्ही गाड्या सज्ज असाव्या लागतात. सज्ज गाड्या रस्त्यावर विखुरलेल्या असतील, तर एखादी गाडी सज्ज असण्याची शक्यता दहा टक्के आणि तिच्या लगत पुढची गाडीही सज्ज असण्याची शक्यता पुन्हा दहा टक्के. दोहोंचा गुणाकार होतो एक टक्का. सज्ज गाड्यांचे प्रमाण तीस टक्के झाले तरी अशा जोड्या नऊ टक्केच, आणि निम्म्या गाड्या सज्ज झाल्यावर कुठे पंचवीस टक्के. त्यामुळे सुरुवातीला ज्यांनी यंत्रणेसाठी पैसे मोजले त्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही आणि पुढच्या ग्राहकांना ती घेण्याचे कारण उरत नाही. सर्वच गाड्या सज्ज झाल्यावर मिळणारा लाभ मोठा आहे. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पाच मीटर लांबीची गाडी आणि दीड सेकंदाचे अंतर धरले तर एका मार्गिकेतून तासाला सुमारे २१०० गाड्या जातात, आणि तेच अंतर ०.६ सेकंदावर आणले तर ४५०० जातात. परंतु हा आकडा शिखरावरचा आहे आणि चढणीची वाट सुरुवातीला फार सपाट आहे.

म्हणूनच मला दुसऱ्या प्रकारचे सहकार्य अधिक आश्वासक वाटते, ज्यात जोडीदार लागत नाही. अमेरिकेतील टुसॉन येथे वर्तुळाचा प्रयोग पुन्हा केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्गाचा परिघ २६० मीटर, गाड्या वीसहून अधिक, आणि त्यांतील फक्त एक संगणकाच्या नियंत्रणाखाली. चालकांनी नेहमीप्रमाणे थांब-चाल लाट, म्हणजे थांबलेल्या गाड्यांचा मागे सरकणारा तोच पुंजका, निर्माण केली. मग त्या एका गाडीने पुढच्या गाडीचा पाठलाग सोडला आणि रांगेच्या सरासरी वेगाच्या आसपास स्थिर चालायला सुरुवात केली. पुढे मोकळी जागा दिसली तरी ती धावत सुटत नव्हती. पुढची गाडी थांबू लागली तर ती जागा हळूहळू वापरत होती, आणि तोवर पुढची गाडी पुन्हा सुटलेली असे. लाट विरली. सर्व गाड्यांचा मिळून इंधन वापर चाळीस टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे मोजले गेले. वीसमध्ये एक म्हणजे पाच टक्के गाड्या, आणि उरलेल्यांत कोणतेही उपकरण नाही.

वर्तुळ आणि महामार्ग यांत मोठा फरक आहे, हे मान्य. महामार्गावर मार्गिका बदलता येते, आणि सोडलेल्या जागेत कोणीतरी शिरतेच. म्हणून त्याच परंपरेतील संशोधकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलजवळील आय-२४ महामार्गावर सकाळच्या गर्दीत शंभर गाड्या सोडल्या. त्यांची क्रूझ यंत्रणा बदललेली होती आणि पुढील वाहतुकीच्या माहितीवरून गाड्यांना सुचवायचा वेग ठरत होता. चार मैलांहून थोड्या अधिक पट्ट्यावर खांबांवर बसवलेले २७६ कॅमेरे प्रत्येक वाहनाचा माग नोंदवत होते. ही नोंद मला प्रयोगाइतकीच मोलाची वाटते. आजवर आपण रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवरून गाड्या मोजत आलो आणि दोन वेटोळ्यांच्या मधले चित्र अंदाजाने भरत आलो. येथे लाट कुठे जन्मली आणि कुठे विरली हे प्रत्यक्ष पाहता येते.

---

चौकट

महामार्गाची चर्चा चांगली झाली आहे. मी चौकांकडे वळतो, कारण शहरातील वाहतुकीचा बराचसा वेळ तेथेच जातो.

चौकाबाबतची सर्वांत धाडसी कल्पना २००४ मध्ये टेक्सास विद्यापीठातील कर्ट ड्रेस्नर आणि पीटर स्टोन यांनी मांडली: सिग्नल काढून टाकावा आणि गाड्यांनी चौकातील जागा आरक्षित करावी. चौकाची फरशीसारख्या लहान चौकोनांत विभागणी केलेली असते. जवळ येणारी गाडी "मी अमुक क्षणी, अमुक वेगाने, अमुक दिशेला जाणार" अशी विनंती पाठवते. चौकाचा संगणक तिचा मार्ग क्षणाक्षणाने आखून पाहतो. एखादा चौकोन त्याच क्षणी दुसऱ्या कोणाला दिलेला असेल तर विनंती नाकारतो, आणि गाडी वेग कमी करून पुन्हा विचारते. सिम्युलेशनमध्ये गाड्या एकमेकींच्या मधून न थांबता जाताना दिसतात आणि पाहणारा थक्क होतो.

मीही थक्क झालो होतो. परंतु नंतरच्या संशोधनाने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे "आधी येईल त्याला आधी" हा नियम दिसायला न्याय्य असला तरी गर्दीत तो महाग पडतो. गाड्यांना लहान गटांत एकत्र करून एकेका दिशेने सोडले तर चौकाची क्षमता सिग्नलच्या जवळपास दुप्पट होऊ शकते, असे २०१६ मध्ये एमआयटीशी संबंधित संशोधकांनी दाखवले. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. मोठ्या रस्त्याला लहान रस्ता मिळतो तेथे, लहान रस्त्यावरून एकेकटी येणारी गाडी मोठ्या रस्त्याचा प्रवाह पुन्हा पुन्हा तोडते. अशा काही परिस्थितींत आरक्षणापेक्षा साधा सिग्नलच चांगला ठरतो.

आणि पादचारी कुठे आहेत? सायकलस्वार कुठे आहेत? आरक्षणाच्या मूळ कल्पनेत रस्ता ओलांडणारा माणूस विनंती पाठवू शकत नाही. त्याच्यासाठी सर्व दिशा थांबवणारा टप्पा ठेवावा लागतो, आणि तो वारंवार आला की आरक्षणाचा फायदा झपाट्याने घटतो. हा मुद्दा तळटीपेत ढकलणारे शोधनिबंध मला अपूर्ण वाटतात. ज्या चौकातून माणूस चालत जाऊ शकत नाही, तो चौक वेगवान झाला असे म्हणण्याला माझी तयारी नाही.

---

मार्गस्थ

चौकट यांच्याशी पूर्ण सहमत. सिग्नल तसाच ठेवून त्याला शहाणे करणे हा मधला मार्ग आहे आणि त्याचे पुरावे प्रत्यक्ष रस्त्यावरचे आहेत. पिट्सबर्गमध्ये २०१२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ चौकांवर सरट्रॅक ही प्रणाली बसवली. प्रत्येक चौक आपल्याकडे येणाऱ्या गाड्या पाहून पुढच्या काही क्षणांचे वेळापत्रक स्वतः आखतो आणि "माझ्याकडून इतक्या गाड्या तुझ्याकडे येत आहेत" हे शेजारच्या चौकाला कळवतो. तेथे प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले गेले. गाड्यांत काहीही बसवावे लागले नाही.

यंत्राला आपोआप शिकू देण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. मी एका चौकाच्या सिम्युलेशनमध्ये सिग्नलला प्रबलन पद्धतीने, म्हणजे चांगल्या निकालाला बक्षीस देत, शिकवत होतो आणि चौकातून तासाभरात पार होणाऱ्या गाड्यांची संख्या हेच त्याचे बक्षीस ठेवले होते. रात्रभरात आकडा सुंदर वाढला. सकाळी मी पडद्यावर चौक चालवून पाहिला, तेव्हा बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी तीन गाड्या उभ्या होत्या आणि त्या शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. मुख्य रस्ता अखंड हिरवा ठेवला की संख्या वाढते, हे यंत्र बरोबर शिकले होते. चूक माझी होती; प्रतीक्षेचा वेळ मी हिशेबात धरलाच नव्हता. त्या तीन ठिपक्यांकडे पाहताना, प्रत्यक्षात त्यांत माणसे बसलेली असती या विचाराने मी हादरलो होतो.

त्यानंतर मी प्रवीण वरैया यांच्या २०१३ च्या मांडणीकडे वळलो. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ज्या दिशेला मागे रांग मोठी आणि पुढे जागा मोकळी, तिला हिरवा दिवा द्यावा. चौकाला फक्त आपल्या लगतच्या रांगा माहीत असाव्या लागतात, मध्यवर्ती संगणक लागत नाही, आणि रस्त्यांच्या जाळ्याला पेलवेल इतकीच मागणी असेल तर रांगा अमर्याद वाढत नाहीत हे गणिताने सिद्ध करता येते. पुढे जागा नसताना गाड्या सोडून चौकच तुंबवण्याची चूकही हा नियम टाळतो. अर्थात गल्लीतील एकट्या गाडीला येथेही थांबावे लागते, म्हणून मी त्यात प्रतीक्षेच्या वेळेची कमाल मर्यादा जोडली.

---

तरंगलांबी

संदेशवहन हे माझे क्षेत्र असल्याने लंबक यांच्या "मग ते रस्त्यावर का आले नाही" या प्रश्नाकडे परत येतो.

साधारणपणे प्रत्येक गाडी आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला दहा वेळांपर्यंत प्रसारित करते. ताशी ९० किमी वेगाने दोन संदेशांच्या दरम्यान गाडी अडीच मीटर पुढे जाते, आणि हा हिशेब सहज सांभाळता येतो. पण दाट कोंडीत शेकडो गाड्या एकाच वाहिनीवर बोलू लागतात, संदेश एकमेकांवर आदळून हरवतात, आणि गरज सर्वाधिक असते तेव्हाच वाहिनी तुंबते. म्हणून गर्दी वाढली की प्रत्येक गाडीने आपले बोलणे कमी करावे, असे नियम प्रमाणकांतच घालावे लागले.

त्याहून मोठा विलंब भाषेवर एकमत नसल्याने झाला. अमेरिकेत १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी राखून ठेवला गेला. पुढे वायफायच्या कुळातील एक पद्धत आणि मोबाईलच्या कुळातील दुसरी, असे दोन तट पडले. एकीत बोलणारी गाडी दुसरीला ऐकू येत नाही. २०२० मध्ये तेथील नियामकाने त्या पट्ट्यातील ४५ मेगाहर्ट्झ सर्वसाधारण वापरासाठी काढून घेतले आणि उरलेले ३० मोबाईल कुळातील पद्धतीला देण्याचे ठरवले. दोन दशकांत कोणती भाषा टिकणार हेच ठाऊक नसेल, तर कारखाने कोणत्या भरवशावर उपकरण बसवतील? युरोपमध्ये फोक्सवॅगनने २०१९ मध्ये आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये ही सोय दिली, ती वायफाय कुळातील होती.

मला सर्वाधिक काळजी मात्र विश्वासाची वाटते. संदेशावर डिजिटल स्वाक्षरी असते, आणि चालकाचा माग काढता येऊ नये म्हणून ती सारखी बदलत राहते. स्वाक्षरी "हा संदेश अधिकृत उपकरणातून आला" एवढेच सांगते. "यातील मजकूर खरा आहे" हे ती सांगू शकत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की, गाड्यांच्या संदेशांवर चालणाऱ्या एका सिग्नल प्रणालीला एकाच गाडीचा खोटा संदेश पुरेसा आहे. त्या गाडीने "मी अजून दूर आहे, थोड्या वेळाने पोहोचेन" असे कळवले की, संगणक त्या न येणाऱ्या गाडीसाठी हिरवा दिवा लांबवतो आणि इतर दिशांच्या रांगा वाढत जातात. मार्गस्थ, आपल्या गल्लीतील तीन गाड्या अशा खोट्या संदेशानेही अडकू शकतात. म्हणून चौकातील कॅमेरा किंवा रडार यांच्याशी पडताळल्याशिवाय कोणत्याही एका गाडीच्या शब्दावर दिवा बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

---

स्वाती_नक्षत्र

सर्व प्रतिसाद मन लावून वाचले. एक शंका उरते. मार्गदर्शन करणारे ॲप सर्वांना एकच मोकळा रस्ता सुचवते आणि तोही भरून जातो. हेसुद्धा सहकार्याच्या अभावाचेच उदाहरण मानावे का?

---

अनुगामी (धागाकर्ता)

होय, आणि त्यावरील विचार फार जुना आहे. प्रत्येकाने स्वतःपुरता सर्वांत जलद मार्ग निवडणे आणि सर्वांचा मिळून वेळ कमीत कमी होणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत, हे जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडले. १९६८ मध्ये डीट्रिश ब्राएस यांनी तर असे रस्त्यांचे जाळे दाखवले की, त्यात एक नवा रस्ता जोडल्यावर सर्वांचाच प्रवास लांबतो. मार्गावरील वेळ गाड्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत असेल, तर स्वार्थी निवडीमुळे होणारे एकूण नुकसान सर्वोत्तम स्थितीच्या एक तृतीयांशाहून अधिक असू शकत नाही, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. प्रत्यक्ष रस्ते गर्दीत इतके सौम्य वागत नाहीत. काहींना मुद्दाम दोन मिनिटांनी लांबचा मार्ग सुचवून सर्वांचा वेळ वाचवता येतो, परंतु ती दोन मिनिटे नेहमी त्याच लोकांच्या वाट्याला येऊ नयेत याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तसे केले जात आहे हे त्यांना सांगावेही लागते.

तरंगलांबी यांच्या प्रतिसादामुळे मला माझ्या सिम्युलेशनमधील उणीव कळली. पाच टक्के स्थिर चालणाऱ्या गाड्या लाट विरवतात हे मी तपासले होते, परंतु त्यांना पुढील वाहतुकीची माहिती उशिरा किंवा चुकीची मिळाली तर काय होते हे तपासले नव्हते. काल रात्री माहितीत तीस सेकंदांचा उशीर घालून पाहिला. लाट विरण्याच्या आधीच त्या गाड्या वेग वाढवू लागल्या आणि मागे दुसरी लाट तयार झाली. उशीर दहा सेकंदांवर आणल्यावर ती दिसली नाही. हा फक्त माझ्या एका मार्गिकेच्या प्रतिरूपातील निकाल आहे. आता त्यात दुसरी मार्गिका जोडत आहे, म्हणजे सोडलेल्या जागेत शिरणाऱ्या गाड्याही येतील. आकडे हाती आले की याच धाग्यावर देईन. मार्गस्थ, प्रतीक्षेची कमाल मर्यादा आपण किती सेकंद ठेवली होती ते कळवावे, चौकाच्या भागासाठी तीच वापरून पाहतो.

---

मार्गस्थ

नव्वद सेकंद. पादचाऱ्यांसाठी मात्र ती साठच ठेवली होती, कारण त्याहून अधिक वेळ माणूस थांबत नाही आणि लाल दिव्यातच रस्ता ओलांडू लागतो.